हलत नाही तो

बांगवेउलूच्या दलदलीत पाण्याला काठ नसतो.
जमीन समजून पाय ठेवावा
तर ती लव्हाळ्यांची चटई,
खालून पाणी डुचमळतं.
काबासो डोणीच्या टोकाला उभा,
लांब काठी गाळात रोवत, उपसत, अनवाणी.
माझ्या पायांत महागाचे बूट,
दोन्हींत चिखल.

"दिसेल ना मला?"
"हलत नाही तो," काबासो म्हणाला,
"म्हणून लोकांना दिसत नाही."

दोन दिवस मी हलणाऱ्या गोष्टी बघत राहिले.
बगळे, वारा, लांबवर काळ्या हरणांची रांग.

तिसऱ्या सकाळी पपायरसच्या फटीत
कुणी राखाडी रेनकोट वाळत घालून विसरलं होतं.
रेनकोटाला डोळे होते. फिके पिवळे,
अर्ज परत करणाऱ्या कारकुनाचे.
आणि तोंडावर चोच कसली,
जुनी लाकडी खडाव ठोकून दिलेली,
टोकाला आकडा.

घरून निघताना मी त्याला बूटचोच्या म्हणत होते.
काबासोनं इथलं नाव सांगितलं.
मी तीनदा म्हटलं, तीनदा चुकलं.
चौथ्यांदा तो हसला नाही,
म्हणजे जमलं असावं,
किंवा कंटाळला असेल.

इथल्या चिखलात एक मासा राहतो,
त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं.
तेवढ्या एका श्वासासाठी
हा पक्षी अख्खी सकाळ उभा.
मग झडप वगैरे नाही,
कोसळतो.
पावसात मातीची भिंत बसावी तसा, सगळाच्या सगळा.
उठला तेव्हा चोचीत निम्मं गवत, निम्मा मासा,
आणि गवत बाजूला काढायची काही घाई नाही.

दुपारी जाळं सांधताना
न विचारता काबासो बोलला:
एकदा त्यानं पिल्लू विकलं होतं.
रात्री, पोत्यातून, एका सायकलच्या किमतीला.
"आणि सायकल?"
"आहे की. मुलगी शाळेत जाते तिच्यावर."
गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.

आता त्याच्याकडे एक वही आहे,
पाण्यानं फुगलेली. तारखा, आणि पुढे मोजके शब्द.
अंडी दोन.
ऊन फार. आईनं चोच भरून पाणी आणून ओतलं.
ऊन फार. पाणी चार वेळा.
पिल्लं दोन.
थोरलं धाकट्याला टोचतं.
टोचतं.
पिल्लू एक.

"काहीच करता येत नाही?"
तो वहीकडे बघत राहिला.
"मला माणसांपासून राखायला ठेवलंय," म्हणाला,
"भावापासून नाही."

संध्याकाळी परत फिरलो तेव्हा मागे चोच वाजली,
रिकाम्या डब्यात कुणी खडे खुळखुळवावेत तशी.
काबासोनं काठी थांबवली. वळला नाही.
डोण आपसूक थोडी पुढे गेली.

माझ्या यादीत त्याच्या नावापुढे
एक चौकोन होता खूण करायला.
तो तसाच ठेवला.
समासात काबासोनं सांगितलेलं नाव लिहिलं, देवनागरीत.
दुसरं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ,
ते विचारायचं राहिलं.