पायपेटी

तीन रात्री, चार नाटकं, आणि तिकीट सगळ्यात स्वस्तातलं:
पहिली रांग, पण अगदी डावीकडची खुर्ची,
जिथून अर्धा रंगमंच दिसतो
आणि उरलेल्या अर्ध्याऐवजी समोरची विंग.
"अगं, मधलं घे की, पैसे मी देऊन राहिलेय ना,"
नलूवहिनी म्हणाल्या, अस्सल इंदुरी तोऱ्यात.
मी नको म्हटलं.
बुऱ्हाणपुरात लगीनसराईचे ब्लाउज अर्धवट टाकून आलेल्या बाईला
एवढी चैन पुष्कळ झाली.

पहिल्या रात्री पौराणिक, उज्जैनच्या मंडळींचं.
राजा साठीचा. राजकन्या शाळेत भूगोल शिकवते म्हणे.
शेल्याची झालर हातशिलाईची होती, बारीक, एकसारखी;
मी आधी झालर पाहिली, मग राजा.
त्याने वरचा षड्ज लावला
आणि अंगरख्याचे पाठीचे हूक सुटले, एकापाठोपाठ एक.
हे फक्त माझ्या खुर्चीवरून दिसलं.
आख्खं पद तो तसाच गायला,
आणि शेवटी खेकड्यासारखा आडवा सरकत आत गेला.
लोकांनी तानेला वन्समोअर दिला.
मी त्या सरकण्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवासकरांचं,
बायकांची कामंही पुरुषांनीच केलेली.
आईच्या भूमिकेतला तो उंच, हाडापेराचा माणूस,
बहुतेक कुठल्या तरी पतपेढीतला.
तिन्ही पदं जरा उतरलीच त्याची.
पण नऊवारीत तो बसला ते असा,
जशी दिवसभर मशीन मारून मी बसते:
आधी एक हात जमिनीला,
मग गुडघा,
मग बाकीची मी.
ते बसणं मात्र सुरात होतं.

आता सांगायचं ते रात्रीचं.

नवं नाटक, नव्या मुलांचं. गालाला चिकटवलेले माईक,
निळे-जांभळे दिवे, आणि सगळं संगीत आधीच भरून आणलेलं.
वाईट नव्हतं. एका मुलीचा आवाज तर
ताज्या खणासारखा, कडक, अजून पाणी न लागलेला.
पण माझ्यापासून पाच हातांवर
पायपेटीपाशी बिडवई बसलेले होते.
चारही संस्थांना पेटीवर तेच; गावात दुसरं कोण आहे?
आज नांदीपुरते लागले, मग काम नाही.
उठून जावं, तर वाट पहिल्या रांगेसमोरून.
म्हणून बसले, दोन्ही हात शालीत, झाकण बंद.

आणि खाली त्यांचे पाय चालू होते.

डावा, उजवा, डावा.
भाता भरत होता, रिकामा होत होता,
स्पीकरमधल्या गाण्याच्या लयीत नव्हे,
त्यांच्या स्वतःच्या.
मध्येच थांबले; मला वाटलं, कळलं त्यांना.
नाही. फक्त सम आली होती.
मग पुन्हा.
त्या नाटकाचा शेवट काय झाला
ते मला नलूवहिनींना विचारावं लागलं.

तिसऱ्या रात्रीचं सगळ्यांना फार आवडलं.
मला दुसऱ्या अंकात डुलकी लागली, खरं सांगायचं तर.
जाग आली तेव्हा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता,
म्हणून मीही उभी राहिले.
सराफ्यात मग गराडू खाताना
वहिनी आणि त्यांच्या भिशीतल्या बायका
कोण थोर, कोण ठीक, यावर भांडल्या.
गरम फोडींवर जिरावण भुरभुरत होतं, थंडी कानाला लागत होती.
मला विचारलं. मी म्हटलं, बिडवई.
"पण ते तर काल वाजवतच नव्हते ग!"
मी दुसरा द्रोण मागितला.

बुऱ्हाणपुरात सोमवारी सकाळी
दुकानाचं शटर वर केलं.
गाडगीळांच्या सुनेची बाही, मोतिया रंगाची, घेतली समोर.
पाय ठेवले. चाक फिरलं. कापड सरकलं.
खांद्यापासून काठापर्यंत
एक आख्खी शिवण मारली,
आणि मग पाहिलं,
दोरा ओवायचाच राहिला होता.