तडे

काचेचा तो तुकडा आमच्या हातोहात फिरला होता,
पिशवीत बंद, कोपऱ्यावर लाल चिठ्ठी.
बारा जण आम्ही. मी सातवी.
कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे,
इतके नाजूक, की क्षणभर मला आवडलेच ते.
कुणाला सांगितलं नाही.

अग्निशमन खात्याचा रँडल हॉक्सी.
आर्कान्सामधल्या निम्म्या आगी त्याने वाचलेल्या.
वाचलेल्या, हा त्याचाच शब्द.
"साध्या आगीत काच अशी तडकत नाही.
धग एकदम चढली तरच.
म्हणजे पेट्रोल. म्हणजे कुणीतरी ओतलेलं."
त्याच्या आवाजात शंकेचा कणही नव्हता,
आणि आम्हाला बहुधा तेवढंच हवं होतं.

समोर व्हर्लीन स्टकी,
बहिणीचा ढगळ कोट घालून.
दोन पोरं गेली त्या घरात, आणि डोळ्यांत टिपूस नाही.
कुठंतरी पाणी मुरतंय, मला वाटलं.
जेवणाच्या सुट्टीआधीच
आम्ही सगळे तिला पाण्यात पाहत होतो.
जन्मठेप.
त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पीच पाय होता,
मी दोनदा घेतला.

सोळा वर्षांनी, जानेवारीत,
बर्फाच्या वादळाने तारा तुटल्या.
तिसऱ्या रात्री आईचा रॉकेलचा दिवा काढला.
भांडी विसळताना वात भडकलेली दिसली,
ओल्या हातानेच खाली करायला गेले,
चार थेंब उडाले तापल्या काचेवर.

टिक्.

जाळं.
तेच.

स्वयंपाकघरात पेट्रोल नव्हतं.
माझ्या हाताचं पाणी होतं.

मग आठवला शेजारचा म्हातारा टँकर्स्ली,
साक्षीत सारखा खोकणारा:
बंब यायच्या आधी वीस मिनिटं
बागेची नळी धरून उभा होतो, म्हणाला,
खिडकीपर्यंतच पोचत होती धार.
त्याला कुणी उलट प्रश्नही विचारला नाही.
विझवायला मारलेलं पाणी,
त्यानेच काढली होती ती नक्षी.

कोर्टाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, अडीच ओळींचं.
तिच्या वकिलाला लिहिलं. तो वारला होता.
तिला लिहायला बसते,
'प्रिय' लिहावं का, इथेच अडते.

दर शनिवारी दिव्याची नवी काच आणते.
तापवते. थेंब टाकते. तारीख घालून ठेवते.
हॉक्सीने एवढंही केलं नव्हतं.
हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा परवा विचारत होता,
बाई, काय करता एवढ्या काचांचं?

वाचते, म्हटलं.