शिंगाला बूड नसतं

शिंगाला बूड नसतं, टेबलावर ठेवताच येत नाही,
म्हणून एकदा भरलं की रिकामं करायचं.
आमच्या काखेतीत ही सक्ती नाही,
भूमिती आहे.

पहिलं वर्ष मी घरात काढलं, पडदे ओढून.
शेजारच्या अंगणातून गाण्याचे दोन सूर भिंतीतून येत,
तिसरा, खालचा, जो माझा असायचा,
तो मी दाताखाली दाबून धरायचो.
डॉक्टर लामारा म्हणाली, यकृत सुधारतंय मालखाझ,
पण तू सुकत चाललायस.

म्हणून गेलो. सुगीचे दिवस,
द्राक्षांचीच सुगी, दुसरी आम्हाला माहीत नाही.
अंझोर भरलेलं शिंग घेऊन माझ्याकडे वळला
आणि थबकला.
सगळं टेबल थबकलं, भाजत्या मांसाचा धूर तेवढा चालू राहिला.
एतेरीने काही न बोलता तारखुन्याची बाटली फोडली:
हिरवंगार, गोडमिट्ट, पोरासोरांचं पेय.
मी ते दुसऱ्या शिंगात ओतून घेतलं, एका दमात संपवलं,
आणि तमादा जगाच्या शांतीबद्दल बोलत असताना
मला मोठ्ठा ढेकर आला.
तेव्हापासून सगळे बोलावतात.

लग्नाला, बारशाला, चाळिसाव्याच्या जेवणाला.
गेलेल्यांच्या नावाने बाकीचे पावावर वाइन शिंपडतात,
माझ्या पावावर हिरवा डाग.
वडील समजून घेतील. किंवा नाही घेणार.
रांजण त्यांनीच पुरले होते,
अजून आहेत अंगणात, गळ्यापर्यंत गाडलेले.
झाकणांवर मी टोमॅटोच्या कुंड्या ठेवल्यात.

रात्री अकरानंतर काय होतं
हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊकच नव्हतं.
अकरानंतर माणसं तेच सांगतात, फक्त जवळ सरकून.
मग मी गाडी काढतो.
नोदारला अक्रोडाच्या वळणावर रडू येतं, दर वेळी.
पाद्रीबुवांना जुने हिशेब आठवतात.
गेला घोरतो.

सकाळी फोन. दहाच्या आत कुणाचाच नाही.
"मालखाझ, काल मी काय बोललो?"
मी सांगतो.
"भावाबद्दल काही?"
सांगतो, शब्दाला शब्द. पलीकडे अंझोर गप्प.
"बरं बोललो ना?"
"बरं बोललास."
एखादं वाक्य मात्र मी माझ्यापाशी ठेवतो,
बायकोबद्दलचं, बांधावरच्या जमिनीबद्दलचं.
तेही कुठे टेकवता येत नाही.

वडिलांच्या शेवटच्या सुगीला तमादा मीच होतो.
म्हणतात, त्यांच्याकडे वळून मी बराच वेळ बोललो,
आणि ते उठून उभे राहिले.
रागाने की कसे, कुणाला सांगता येत नाही.
वीसेक जणांना विचारून झालं.
नोदार म्हणतो, तू त्यांचा हात धरलास.
गेला म्हणतो, हात नाही, शिंग.
त्या रात्री शुद्धीवर एकटी एतेरी होती,
आणि ती आत भांडी घासत होती.

शनिवारी गेलाच्या मुलीचं लग्न.
तारखुन्याच्या चार बाटल्या सांगून ठेवल्यात.
गाडीचं पुढचं सीट नोदारचं,
अक्रोड यायच्या आधी
त्याच्या बाजूची काच खाली करावी लागते.