कुऱ्हाड न चालवायचे दिवस

रैनूला त्यांनी शिवून परत दिला, पोत्यासारखा,
जाड काळ्या दोऱ्यानं, हनुवटीपासून बेंबीपर्यंत.
शिपायानं कागदावर माझा अंगठा घेतला
आणि म्हणाला, कुऱ्हाड परत मिळणार नाही.
कोणी मागितली होती?

धुऱ्यावरचा एक मोह, दोन टोपल्या फुलं.
जोगा आमचा चुलतभाऊ.
एवढंच लिहिलंय पंचनाम्यात, आणि ते खरं आहे.

कापून मेलेल्याला थोरांच्या दगडांजवळ जागा नसते,
जोवर त्याचा जीव पाण्यातून घरी येत नाही.
म्हणून नाल्यापलीकडे पुरला त्याला, एकटा,
आणि आम्ही कोरं गाडगं घेऊन कठाणीवर गेलो.
भूमक्यानं नाव घेतलं. पाणी नुसतं वाहिलं.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

“थो आवाजाले भेते,” भूमक्या म्हणाला,
“गावात लाकूड फुटते, का थो बुडी मारते.”

मग गावानं कुऱ्हाडी छपराखाली खोचल्या.
चुलीत तुऱ्हाट्या, शेण्या, कुंपणाच्या काड्या
गुडघ्यावर मोडून मोडून.
बारसाबाईनं तर गोठ्याची झडप जाळली.
वाढयाचा वाकस फडक्यात गुंडाळून ठेवला,
सुतारपक्ष्याला पोरांनी गोटे मारून हाकललं.
कच्चा भात खाल्ला लोकांनी, माझ्या भावासाठी,
ज्याच्याशी निम्मं गाव बोलत नव्हतं.

अकराव्या दिवशी काकी आली. जोगाची माय.
कोणी बोलावली नव्हती.
लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरली,
आमच्या हातातलं गाडगं घेऊन,
आणि हळूच म्हणाली, लेकराला उठवावं तसं,
“ये बापा. तो नाही आता घरी.
नेला त्याले. भेऊ नको.”

आणि आला.
बोटाच्या पेराएवढा झिंगा, आरपार दिसणारा,
पाठीतून एक काळा दोरा गेलेला.

तिनं गाडगं पुढं केलं.
मला वाटलं, पालथं करावं. तिच्या तोंडावर फेकावं.
तिच्याकडे का? मी बहीण होते.
मी अकरा दिवस हाका मारल्या होत्या.
गाडगं धरायला दोन हात लागतात,
म्हणून माझे हात रिकामे राहिले नाहीत.

रात्री पीठ पसरलं, वर टोपली झाकली.
काकी ओसरीच्या बाहेर बसून राहिली, ओल्या लुगड्यानं.
मी तिला आत ये म्हटलं नाही. जा पण म्हटलं नाही.
पंधराला तारीख आहे गडचिरोलीला. गाडी एकच.
ती पुढं बसेल, मी मागं.

पहाटे भूमक्यानं टोपली उचलून पाहिलं,
मान डोलावली, परत झाकली.
“आला,” म्हणाला, “आता फोडा लाकडं.”

कुठंतरी पहिला घाव पडला.
मी धावत आत गेले
आणि टोपलीवर दोन्ही हात दाबून धरले,
जसे कोणाचे कान झाकावेत.