तीन बोटं

सुट्टीचा चौथा दिवस. झोप अजून तिकडच्याच वेळेची,
पहाटे तीनला मी अंगणात,
साडेसहापासून माणसं.
कडुनिंबाखाली लाल प्लॅस्टिकची खुर्ची,
तिचा एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा.
दातवाली डॉक्टरीन आली म्हणे कॅनडातून,
असं पंचफुलाकाकूनं आटाचक्कीवर सांगून ठेवलेलं.

मी डॉक्टर नाही, हे कसं सांगू.
म्हणजे इथं होते. नागपूरच्या कॉलेजचा कागद
मायच्या पेटीत आहे, साडीच्या घडीत.
सस्काटूनला तो नुसता कागद.
तिथं मी साफ करणारी. दर पन्नास मिनिटांना एक तोंड.
कीट खरवडायची, दोरा फिरवायचा,
हिरड्यांची खोली मोजून आकडे बोलायचे,
दोन, तीन, दोन, चार.
मग डॉक्टर येतो, वाकून बघतो,
थंडीबद्दल काहीतरी बोलतो आणि जातो.

लोक उघड्या तोंडानं बोलतात माझ्याशी.
बोटं आत असतानाच विचारतात, "ऊ आ ऊ आ?"
मला कळतं: तू मूळची कुठली?
व्यंजनं नसलेली ती भाषा मी दोन वर्षांत शिकले.
"इंडिया," म्हणते.
खैरगाव सांगत बसले तर
तोंड मिटेल त्यांचं, आणि काम थांबेल.

आज खुर्चीत केवळराम आत्राम. माझ्या वर्गातला.
कबड्डीत एका दमात शेवटची रेघ शिवून यायचा.
"आ कर."
"केला नं."
मी मोबाईलचा टॉर्च धरला.
माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावली पाहिजेत.
केवळरामची दीड मावतात.
गालाच्या आत पांढरं, ताठ,
बाजेच्या आवळलेल्या सुतळीसारखं.
खिशात खर्र्याची पन्नी, घासून घासून गरम.
"तिखट झोंबते का?"
"तिखट सोड वं, भाकर बी चुरून खातो.
पोरगी म्हणते, बाबा म्हातारा झाला."
चौतीस वर्षं. त्याला, आणि मलाही.

मागं रांगेत द्रुपदामावशी पदराआड हसते.
या गावात सगळेच असे हसतात,
पदराआड, रुमालाआड, नाहीतर मान वळवून.
परक्या माणसाला वाटतं, काय लाजाळू लोक.
हातपंपाच्या पाण्यानं केलंय ते.
आधी पिवळे, मग तपकिरी पट्टे दातांवर,
सारवणाची बोटं भिंतीला पुसावीत तसे.
त्या पाण्यात जे होतं
तेच मी तिथं लहान पोरांच्या दातांना ब्रशनं लावते.
थेंबभर. त्याचं बिल होतं,
वर पोराला एक स्टिकर.
आम्ही घागरी भरभरून प्यायलो.

माझेही पट्टे होते.
पहिल्या मुलाखतीत बाईंनी आधी अर्ज वाचला,
मग माझं तोंड.
कारण कोणी सांगितलं नाही.
पुढचे सहा दात मी हप्त्यांवर झाकून घेतले,
कवडीसारखे.
परवा स्टँडवर उतरले, हसले.
माय पिशवी घ्यायला पुढं आलेली, तिथंच थांबली.
"कोणाचे व्हय वं हे दात?"

केवळरामला चिठ्ठी लिहून देते.
नागपूरचं सरकारी डेंटल, कोणत्या खिडकीवर जायचं,
सोबत कोणाला तरी ने.
सहीपाशी पेन थांबतं.
मग नावाआधी ती दोन अक्षरं लिहितेच, टिंबासकट.
तो घडी करून खर्र्याच्याच खिशात ठेवतो.
"तिकडच्या लोकाईले किती दात असते?"
"बत्तीस."
"आन् आमाले?"
"बत्तीसच."
"मंग एवढ्या दूर कायले गेली?"

रांग हसते, हातांच्या आड. मीही हसते,
हात न लावता.
जीभ तेवढी दातांमागून फिरून येते.
पांढरं तिथवर पोचलेलं नाही,
तिथं अजून खडबडीत आहे,
पंपाच्या चौथऱ्यासारखं.

"या, मावशी. पदर काढा."