आस किती पुढे

सोहारच्या मासळीबाजारामागे, पंक्चरवाल्याला लागून
आमचं दुकान. पाटीवरचं अरबी मला वाचता येत नाही,
पण कुंजुमोन म्हणतो, पहिला शब्द कुर्सी आहे.
म्हणजे आपलीच खुर्ची,
कधीतरी गलबतात बसून आपल्या किनाऱ्याला लागलेली,
उतरता उतरता कचा ख झालेली.

चाकाला इथं अजला म्हणतात.
घाईलाही अजलाच.
मी कराडला सायकलीचे स्पोक ओढायचो तेव्हा
घाई गिऱ्हाइकाला असायची,
चाकाला कधीच नव्हती.

भुवडला दोघांनी ढकलत आणला.
अंकुश भुवड, गाव लांजा, परातीवरून पडला
बंदरातल्या टाकीचं काम चालू असताना.
कंपनीने दिलेली खुर्ची: चारही चाकं वीतभर,
विमानतळावर असते तसली,
जिला बसणाऱ्याचे हात लागतच नाहीत.
फक्त मागच्या मुठींना दुसऱ्याचे.

गुडघ्यावर बसून मी माप घेतलं.
कंबर चौदा इंच. खुर्ची अठरा.
उरलेल्या चार इंचांत तो दिवसभर कलंडायचा,
म्हणून डावीकडे टॉवेल कोंबलेला,
कॅम्पच्या धोब्याचा नंबर अजून त्यावर.
शिंप्यासारखं विचारलं, सैल हवी की अंगाबरोबर?
'अंगाबरोबर,' म्हणाला.
गुडघ्यामागे दोन बोटं जागा सोडली.
पायपट्टी टाचेच्या मापाची, कारण पाय कुठं आहेत
हे त्याला आता बघूनच कळतं.

घडीची नको, मी सांगितलं.
सीटखाली तिला कैची असते,
तुझा निम्मा जोर ती कैचीच खाते.
एकसंध सांगाड्याची घे.
'पिकअपमध्ये कशी घालू?'
बटण दाबलं की चाकं हातात येतात, हे बघ,
आणि चाकं हातात आली तेव्हा
त्याने ती मांडीवर घेतली, उगाचच,
जरा वेळ.

चाकं खालून थोडी फाकवली.
याला कॅम्बर म्हणतात, पैलवान शड्डू ठोकायच्या आधी
पाय रोवतो तेवढीच.
पुढची दोन कॅस्टर. त्यांचं काय सांगावं,
लहान पोरं ती, कुठंही तोंड फिरवतात,
आणि वाळू दिसली की रुतून बसतात.
हाताने फिरवायच्या कड्याला रबर चढवलं;
जुलैत इथं उघडं लोखंड
तव्यासारखं बोलतं.

मग ॲक्सल.
याला आपल्याकडे आस म्हणतात, मी म्हटलं.
तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

आस पुढे घेतली की खुर्ची हलकी होते,
बोटाच्या इशाऱ्याने वळते,
आणि मागे उलटतेही.
मागे ठेवली की भरवशाची,
पण संध्याकाळी खांदे भरून येतात.
पट्टीवर पाच भोकं आहेत. बोल, किती पुढे?
बराच वेळ तो भोकांकडे बघत राहिला.
'तिसऱ्यात घाल. आणि त्या मुठी काढ.'

कुणी धरायचं झालं तर?
'काढ म्हटलं ना.'

गुरुवारी खमीसकाका आले.
चाळीस वर्षं समुद्रावर गेली, आता बेअरिंगमध्ये मीठ.
बेअरिंग मी धुऊन दिलं, पण त्यांचं काम वेगळंच होतं.
नात वाढली म्हणाले,
ढकलताना तिची पाठ वाकते, मुठी उंच कर.
भुवडच्या मुठी खणात पडून होत्या.
त्याच बसवल्या, चार बोटं वर.
पोरीने धरून बघितल्या आणि
ताठ उभी राहिली.

भुवड मला दिसला तो एक्स्चेंजच्या रांगेत,
गावाला पैसे लावायला, सहावा की सातवा.
पायरीपाशी कुणीतरी हात पुढे केला,
त्याने पुढची चाकं उचलली, मागची पायरीला टेकवली,
जमलं नाही. परत उचलली.
मी रस्त्यापलीकडेच थांबलो.

महिन्याने दुकानात आला, एकटाच,
कोपराला चिकटपट्टी.
'कॉर्निशवर उलटलो,' म्हणाला. 'आभाळ दिसलं.'
मी पाना घेतला. दुसऱ्यात घालू?
'चौथ्यात.'