तोंड मुडपताना

बत्तीस वर्षं विड्या वळतेय मी, कुंभारीच्या घरकुलात.
मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
अंगठ्याच्या नखाला तंबाखूचा रंग,
तो लग्नाच्या फोटोतही दिसतो.
कारखान्यात चेकर म्हणतो, "ए, पुढं हो."
हजारातल्या साठ विड्या छाट म्हणून बाजूला टाकतो
आणि वर बघतही नाही.

त्या दुपारी फोन वाजला.
"लिंगव्वा मॅडम बोलताय का?"

मॅडम.
मी मागं वळून बघितलं,
पल्लवीच्या शाळेतल्या बाई आल्यात की काय.
कुणी नव्हतं. मीच होते.

आवाज मऊ, साखर विरेपर्यंत ढवळलेला.
पीएफची जुनी थकबाकी मंजूर झालीय मॅडम,
आज शेवटची तारीख मॅडम,
घरात कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका,
आता सहा आकडी नंबर येईल,
तेवढा वाचून दाखवा.

दाखवला.
चौथी पास मी, एक आकडा चुकला नाही.
तो म्हणाला, "छान वाचता की तुम्ही."

अडतीस हजार चारशे.
हजार विडीला दोनशे चाळीस धरले
तर एक लाख साठ हजार विड्या.
पानं कुजली ते दिवस सोडून,
पल्लवीच्या तापाचे दिवस सोडून.
हा हिशेब करायला मला अख्खी रात्र लागली.

मग नऊ दिवस गप्प.
गळ्यातलं ओढून नेलं असतं तर गल्लीभर बोंबलले असते की.
हे मी माझ्या तोंडानं दिलेलं.
नवऱ्याला लूमवर डबा पाठवायची,
कडक भाकरी, शेंगाचटणी,
झाकण घट्ट.

दहाव्या दिवशी राजेश्वरी येमूल शेजारी बसून वळत होती.
म्हणाली, "तुझ्या विड्यांची तोंडं उघडी राहायलीत गं.
काय झालंय?"
तिथंच फुटले मी.
तिनं सूप खाली ठेवलं, कट्टा अर्धा असताना.
वाटलं, हसेल.
"माझे सात हजार," ती म्हणाली, "दिवाळीत.
लाईट कापतो म्हणाला होता."
पलीकडून शकीलाबी,
"जावयाचे बी गेलेत, दुप्पट करून देणाऱ्याकडं. कुणाला बोलू नका."
भिंतीला भिंत लागून तीन घरं,
आणि तिघींनी झाकून ठेवलेलं
एकच नासलेलं भांडं.

पल्लवीनं एक नऊ तीन शून्य लावला.
पोलीस पोरगा म्हणाला, "मावशी, पहिल्या तासात सांगायचं असतं."
रागावला नाही तो.
थोडे पैसे कुठल्याशा खात्यात अडकलेत म्हणे.
येतील तेव्हा येतील.

नवीन पोरी वळायला शिकतात माझ्याकडं.
पान कापायचं, भरायचं, गुंडाळायचं, दोरा मारायचा
आणि नखानं तोंड मुडपायचं.
उघडं राहिलं तर माल सांडतो.
सांगते त्यांना, आकडे मागणाऱ्यापुढं असंच मुडपा.
आणि गेलेच पैसे, तर सगळं सांडा,
त्याच घडीला, जी दिसेल तिच्यापुढं.
लाजेला व्याज लागतं गं, मी नऊ दिवसांचं भरलंय.

परवा परत फोन.
आवाज दुसरा, साखर तीच.
मी स्पीकर चालू करून फोन सुपात ठेवला.
आम्ही अकराजणी, कात्र्या चालल्यात कचकच,
तो सांगतोय तारीख, मंजुरी, मॅडम, मॅडम.
राजेश्वरीनं विचारलं, "एवरु नुव्वु?"
शकीलाबी म्हणाली, "जेवलास का बाबा?"
पंचविसाचा कट्टा बांधून झाला,
तोवर त्यानंच ठेवला.

हसलो लई, पोट दुखेपर्यंत.
पण खरं सांगू का,
रात्री भांडी घासताना तो शब्द परत आठवला.
अजून दुसऱ्या कुणी
तसं म्हटलेलं नाही मला.